ग्रंथालयाचें कार्ड आणि पुढचा वाचक



सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी तेव्हां सातवींत होतों. आमच्या गांवच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून मीं शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या तयारीचें एक पुस्तक घरीं आणलें. त्या पुस्तकाची दुसरी प्रत ग्रंथालयांत नव्हती. मुदत चौदा दिवसांची होती. मीं तें सात आठवडे ठेवलें. अभ्यासासाठीं ठेवलें असतें तर गोष्ट निराळी. पण खरें सांगावयाचें तर पहिल्या पंधरवड्यानंतर मीं तें उघडलेंही नव्हतें. परीक्षा आटोपली, आणि मग मला त्याची आठवण झाली. पस्तीस दिवसांचा दंड, दिवसाला पांच पैसे या दरानें, एक रुपया पंचाहत्तर पैसे झाला. वडिलांकडून पैसे मागून घेऊन मीं ते ऐटींत मेजावर ठेवले.

ग्रंथपालांनीं पावती फाडून दिली. नंतर खण उघडून त्यांनीं एक लहानशी चिठ्ठी माझ्यापुढें ठेविली आणि म्हणाले, "पैशांचा हिशेब मिटला. आतां हा दुसरा हिशेब पाहा." चिठ्ठीवर त्याच पुस्तकाचें नांव होतें. त्याखालीं माझ्या ओळखीच्या नसलेल्या एका मुलीचें नांव, आणि त्यापुढें शिसपेन्सिलीनें लिहिलेल्या पांच तारखा. "ही मुलगी पांच वेळां येऊन रिकाम्या हातानें परत गेली. तिची परीक्षाही तुझ्याच दिवशीं होती."

मजजवळ उत्तर नव्हतें. दंड भरला कीं अपराध फिटला, अशी माझी समजूत होती. परंतु तो एक रुपया पंचाहत्तर पैसे ग्रंथालयाच्या तिजोरींत गेला. त्या मुलीचे पांच हेलपाटे आणि पस्तीस दिवस कोणाच्याच तिजोरींत जमा झाले नाहींत. ती मुलगी उत्तीर्ण झाली कीं नाहीं, हें मला कधींच कळलें नाहीं.

ग्रंथालयाचें कार्ड कसें वापरावें, आणि आजकाल त्या कार्डाबरोबर जें ऑनलाइन खातें मिळतें त्याचा उपयोग कसा करावा, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. त्यांतील रीति थोड्या आहेत व अर्ध्या तासांत शिकतां येतात. परंतु त्या प्रत्येक रीतीच्या पाठीमागें ती चिठ्ठी आहे, हें आरंभींच ध्यानांत धरलेलें बरें.

कार्ड म्हणजे काय?

दुकानदार आपणांस माल देतो तो पैसे घेऊन. ग्रंथालय आपणांस पुस्तक देतें तें आपल्या नांवावर विश्वास ठेवून. शंभर, पांचशें, क्वचित् हजार रुपये किंमतीची वस्तु एक संस्था आपल्या हातीं देते आणि म्हणते, "वाचा, व अमुक दिवशीं परत करा." कार्ड हें या विश्वासाचें चिन्ह होय. म्हणून कार्ड कोणास द्यावयाचें आणि कोणास नाकारावयाचें, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

अँड्र्यू कार्नेगी याचें नांव तुम्हीं ऐकलें असेल. तो १८३५ सालीं स्कॉटलंडमध्यें एका विणकराच्या घरीं जन्मला. १८४८ सालीं तें कुटुंब पोटासाठीं अमेरिकेंत गेलें, आणि थोड्याच काळानें हा मुलगा पिट्सबर्ग शहरांत तारकचेरींत निरोप्या म्हणून नोकरीस लागला. शाळा सुटली होती, पुस्तकें विकत घेण्यास पैसा नव्हता. शेजारच्या अॅलेघेनी गांवीं कर्नल जेम्स अँडरसन नांवाच्या गृहस्थांनीं आपलीं सुमारें चारशें पुस्तकें कामकरी मुलांसाठीं खुलीं केलीं होतीं. शनिवारीं एक पुस्तक न्यावें व पुढच्या शनिवारीं तें परत करून दुसरें घ्यावें, असा त्यांचा नियम. पुढें हें ग्रंथालय वाढलें तेव्हां निराळाच नियम निघाला: जीं मुलें एखाद्या धंद्यांत उमेदवार म्हणून बांधलेलीं आहेत त्यांसच पुस्तकें फुकट मिळावीं, इतरांनीं वर्षास दोन डॉलर भरावे. निरोप्याचें काम करणारा मुलगा उमेदवारांत मोडत नव्हता. कार्नेगीनें गप्प न बसतां वर्तमानपत्रास पत्र लिहून ही तक्रार मांडली, आणि अखेर तो नियम बदलला. दारांतून परत फिरविलेल्या मुलाचें दुःख काय असतें, हें त्याला आयुष्यभर पुरलें. पुढें पोलादाच्या धंद्यांत त्यानें अमाप संपत्ति मिळविली, तेव्हां जगांत ठिकठिकाणीं अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींसाठीं त्यानें पैसा दिला. त्याच्या कारखान्यांतील मजुरांची स्थिति मात्र स्तुति करण्याजोगी नव्हती. १८९२ सालीं होमस्टेड येथील संपांत माणसें मेलीं, हेंही त्याच्या चरित्रांतलें सत्य आहे आणि तें झांकून ठेवूं नये.

१९०१ सालीं त्यानें न्यूयॉर्क शहरास शाखा-ग्रंथालयें बांधण्यासाठीं बावन्न लक्ष डॉलर देऊं केले. अट एवढीच कीं, जागा शहरानें द्यावी आणि पुढचा चालू खर्चही शहरानेंच सोसावा. या अटींत दूरदृष्टि होती. इमारत एकदां बांधून होते. पुस्तकें आणि ग्रंथपाल मात्र दरसाल लागतात, आणि तो भार सर्व नागरिकांनीं उचलला तरच तें ग्रंथालय सर्वांचें होतें.

ही विचारसरणी आपल्याकडेही फार पूर्वीं पोंचली होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं अमेरिकेंतील ग्रंथालयें स्वतः पाहिलीं, आणि १९१० सालीं विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतलें. बॉर्डन तेथें १९१३ पर्यंत होते. त्या काळांत मध्यवर्ती ग्रंथालय, गांवोगांवचीं ग्रंथालयें आणि पेट्यांतून खेड्यांत जाणारीं फिरतीं ग्रंथालयें अशी सबंध व्यवस्था त्या संस्थानांत उभी राहिली. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. या कायद्यान्वयें मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळतें. तरी बहुतेक ठिकाणीं वाचकास थोडी अनामत रक्कम व वर्गणी भरावी लागते. तुमच्या गांवांत असें वाचनालय असेल तर त्याची पायरी आधीं चढा. कार्डाचा खरा अभ्यास तेथेंच होतो.

कार्डावरील अंक

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. कार्ड आणि ऑनलाइन खातें यांची जोड ज्या ग्रंथालयांत पूर्णपणें बसविलेली आहे, त्यांपैकीं एक म्हणजे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी. तिची स्थापना १८९५ सालीं झाली. मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड हे शहराचे तीन भाग तिच्याकडे आहेत. ब्रुकलिन आणि क्वीन्स या दोन भागांच्या ग्रंथालय-संस्था स्वतंत्र आहेत. तेथें राहणाऱ्या कोणासही नांव आणि पत्ता यांचा पुरावा दाखविल्यावर कार्ड विनामूल्य मिळतें. गरीब, श्रीमंत, नुकताच परदेशांतून आलेला, असा भेद नाहीं.

या कार्डावर काळ्या उभ्या रेघांचा एक पट्टा असतो. त्यास बारकोड म्हणतात. त्याखालीं चौदा अंकांची एक संख्या असते. हे अंक वाटेल तसे लिहिलेले नसून, अमेरिकेंतील पुष्कळ ग्रंथालयांत रूढ असलेल्या एका पद्धतीनें रचलेले असतात. पहिला अंक २ असेल तर तें वाचकाचें कार्ड. ३ असेल तर तें पुस्तक. म्हणजे यंत्राला माणूस आणि पुस्तक यांतील भेद एका अंकावरून कळतो. पुढचे चार अंक ग्रंथालयाचे, त्यापुढील आठ त्या वाचकाचे किंवा पुस्तकाचे, आणि चौदावा अंक पडताळ्याचा. हा पडताळ्याचा अंक काढण्याची रीति हान्स पीटर लून या अभियंत्याच्या नांवानें ओळखली जाते. त्यांनीं १९५४ सालीं तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९६० सालीं तें मिळालें. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ती करून पाहावी.

समजा, पहिले तेरा अंक असे आहेत: २ १२३४ ०००००५६७. (हा क्रमांक केवळ उदाहरणासाठीं कल्पिला आहे.) डावीकडून पहिला, तिसरा, पांचवा असे विषम स्थानांवरील अंक दुप्पट करा. गुणाकार ९ पेक्षां मोठा आल्यास त्यांतून ९ वजा करा. येथें विषम स्थानांवर २, २, ४, ०, ०, ५, ७ हे अंक आहेत. ते अनुक्रमें ४, ४, ८, ०, ०, १, ५ होतात. त्यांची बेरीज २२. सम स्थानांवरील अंक १, ३, ०, ०, ०, ६ तसेच ठेवा; त्यांची बेरीज १०. एकूण ३२. ही बेरीज दहाच्या पटींत नेण्यास आणखी ८ हवे. म्हणून चौदावा अंक ८. आतां कोणी घाईनें शेवटचे ६ आणि ७ उलटसुलट लिहिले, तर बेरीज ३१ येते. तींत ८ मिळविल्यास ३९ होतात, आणि ३९ ला दहानें भाग जात नाहीं. यंत्र तत्काळ सांगतें कीं क्रमांक चुकला. एका अंकाच्या चुकीमुळें तुमचें पुस्तक दुसऱ्याच्या नांवावर चढूं नये, म्हणून ही योजना केलेली आहे.

खात्याचीं चार कामें

कार्ड मिळालें कीं वाचक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आपलें खातें उघडूं शकतो. त्यास दोन गोष्टी लागतात: कार्डाचा क्रमांक, आणि स्वतः निवडलेला गुप्त क्रमांक, ज्यास पिन किंवा पासवर्ड म्हणतात. कार्ड म्हणजे घर, आणि गुप्त क्रमांक म्हणजे त्याची किल्ली, असें समजा. किल्ली घराच्या दारावरच टांगून ठेवणारास कोणी शहाणा म्हणणार नाहीं. तरीही कार्डाच्या पाठीवर गुप्त क्रमांक लिहून ठेवणारे वाचक पुष्कळ आढळतात.

खात्याचें पहिलें काम ग्रंथसूचि पाहण्याचें. लेखकाचें नांव, पुस्तकाचें नांव किंवा विषय यांपैकीं कांहींही लिहून पुस्तक शोधतां येतें. पुस्तकाचें नांव नक्की ठाऊक असेल तर नांवानें शोधा. नसेल तर विषयानें शोधा. यादींत केवळ पुस्तकाचें नांव पाहून थांबूं नका. त्यासमोर तें कोणत्या शाखेंत आहे, कोणत्या क्रमांकाच्या फडताळावर आहे, आणि या क्षणीं जागेवर आहे कीं बाहेर गेलेलें आहे, हें लिहिलेलें असतें. तो क्रमांक कागदावर उतरून घेतलात तर ग्रंथालयांत गेल्यावर पुस्तक दोन मिनिटांत हातीं येतें.

दुसरें काम मागणी नोंदविण्याचें. पुस्तक बाहेर गेलें असेल, किंवा दूरच्या शाखेंत असेल, तर आपलें नांव रांगेंत लावून ठेवावें आणि तें कोणत्या शाखेंतून घेणार हें सांगावें. पाळी आली कीं ईमेलनें निरोप येतो आणि पुस्तक आपल्या नांवानें कांहीं दिवस वेगळें काढून ठेवलेलें असतें. त्या अवधींत तें घेण्यास गेलें नाहीं तर तें पुढच्या माणसाकडे जातें. म्हणून खात्यांतील ईमेलचा पत्ता बरोबर असला पाहिजे, आणि मन बदललें असेल तर मागणी स्वतः होऊन रद्द केली पाहिजे. न नेलेलें पुस्तक त्या फडताळावर बसून राहतें तितके दिवस तें कोणीच वाचीत नाहीं.

तिसरें काम मुदत वाढवून घेण्याचें. न्यूयॉर्कच्या या ग्रंथालयांत पुस्तकाची मुदत सामान्यतः तीन आठवड्यांची असते. ती संपत आली आणि दुसऱ्या कोणाचीही मागणी नसली, तर संगणक ती आपोआप वाढवितो. दुसऱ्याची मागणी असली तर मात्र वाढवीत नाहीं. मग तुमचें पुस्तक अर्धें राहिलें असो वा एकच प्रकरण उरलें असो. माझ्या लहानपणीं जें काम खणांतील चिठ्ठी करूं शकली नाहीं, तें येथें यंत्र करितें: पुढच्या वाचकाची बाजू तें न विसरतां मांडतें.

चौथें काम स्वतःचा हिशेब पाहण्याचें. आपल्याकडे कोणतीं पुस्तकें आहेत, कोणतें केव्हां परत करावयाचें, किती मागण्या चालू आहेत, हें सर्व खात्यांत दिसतें. आठवड्यांतून एकदां, समजा रविवारीं सकाळीं, हें पान उघडून पाहण्याची संवय लावून घ्यावी. ग्रंथालयांतील किंवा शाळेंतील सामाईक संगणकावर खातें उघडलें असेल, तर उठण्यापूर्वीं तें बंद करावें. नाहींतर तुमच्या मागून त्या खुर्चीवर बसणारा तुमच्या नांवानें व्यवहार करूं शकेल. कार्ड हरवलें तर त्याच दिवशीं ग्रंथालयास कळवावें, म्हणजे तें रद्द करून दुसरें देतां येतें.

खात्यामार्फत ई-पुस्तकेंही मिळतात. येथें मुलांस एक कोडें पडतें. संगणकावरच्या पुस्तकाच्या वाटेल तितक्या प्रती निघतात, मग त्यासाठीं रांग कशाला? उत्तर असें कीं, ग्रंथालय ई-पुस्तक विकत घेतें तेव्हां त्याला बहुधा वापरण्याचा परवाना मिळतो, मालकी मिळत नाहीं. पुष्कळ परवान्यांत एका प्रतीमागें एका वेळीं एकच वाचक असतो, आणि कित्येक परवाने ठराविक मुदतीनंतर संपतात. मग तेच पुस्तक पुन्हां पैसे भरून घ्यावें लागतें. म्हणून छापील पुस्तकाप्रमाणें येथेंही वाट पाहणारे असतात. फरक इतकाच कीं मुदत संपली कीं ई-पुस्तक आपोआप परत जातें. तरीही वाचून झाल्यावर मुदतीची वाट न पाहतां तें आधींच परत केलें, तर कोणाची तरी पाळी तितकी लवकर येते. कोणी पाहत नसतांना, कोणताही दंड नसतांना ही गोष्ट जो करितो, त्याला कार्डाचा अर्थ कळला असें म्हणावें.

दंडाचा प्रश्न

आतां दंडाकडे वळूं. मुलांना दंड केला नाहीं तर पुस्तकें परत येणारच नाहींत, असें पुष्कळांस वाटतें. न्यूयॉर्क शहरांतही अनेक वर्षें उशिराबद्दल दंड होता, आणि पंधरा डॉलरांपर्यंत रक्कम थकली कीं कार्ड बंद पडत असे. ज्याच्या घरीं पैसा होता तो पंधरा डॉलर भरून मोकळा होई. ज्याच्या घरीं नव्हता त्याचें कार्ड बंद ते बंदच. हिशेब काढला तेव्हां आढळलें कीं, शहरांत सुमारें चार लक्ष लोकांचीं कार्डें अशा रीतीनें बंद होतीं, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक गरीब वस्त्यांतले होते. म्हणजे ज्यांच्यासाठीं ग्रंथालय उघडलें, त्यांनाच तें दंडामुळें बंद झालें होतें. अॅलेघेनीच्या दारांतून परत फिरविलेला तो निरोप्या मुलगा दीडशें वर्षांनंतरही दाराबाहेरच उभा होता असें म्हटलें तरी चालेल. नियमाचें नांव तेवढें बदललें होतें.

५ ऑक्टोबर २०२१ या दिवशीं शहरांतील तिन्ही ग्रंथालय-संस्थांनीं उशिराचा दंड कायमचा रद्द केला व मागील थकबाकीही सोडून दिली. त्यापूर्वीं १ ऑक्टोबर २०१९ पासून शिकागो शहरानें हेंच केलें होतें. याचा परिणाम काय झाला? लाजेनें किंवा भीतीनें कित्येक वर्षें घरांत दडवून ठेवलेलीं हजारों पुस्तकें परत आलीं. याचा अर्थ असा नव्हे कीं पुस्तक परत केलें नाहीं तरी चालतें. फार दिवस पुस्तक न आल्यास तें हरवलें असें धरून त्याची किंमत वाचकाच्या नांवावर लिहिली जाते. मात्र पुस्तक परत येतांच ती रक्कम पुसली जाते. ग्रंथालयास पैसा नको आहे, पुस्तक हवें आहे. आपल्याकडील लहान वाचनालयें वर्गणी आणि अनुदान यांवर चालतात, तेव्हां तेथें दंड असला तर तो मुकाट्यानें भरावा. परंतु दंड भरणें आणि कर्तव्य करणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें लक्षांत ठेवावें. माझे ते एक रुपया पंचाहत्तर पैसे हें त्याचें उदाहरण आहे.

ग्रंथालयाचें कर्तव्य

विश्वास दोन्ही बाजूंनीं असावा लागतो. आपण काय वाचतों हें ग्रंथालयास कळतें. एखादा आपल्या आजाराविषयीं वाचीत असेल, एखादा नोकरी सोडण्याचा विचार करीत असेल, एखादी मुलगी घरीं विचारतां न येणारा प्रश्न पुस्तकास विचारीत असेल. ही माहिती चव्हाट्यावर आली तर कोणीही मोकळेपणानें वाचणार नाहीं. म्हणून अमेरिकेंतील ग्रंथपालांच्या संघटनेनें १९३९ सालींच आपल्या आचारसंहितेंत वाचकाची माहिती गुप्त ठेवण्याचें कर्तव्य घातलें, आणि न्यूयॉर्क राज्यांत वाचकाच्या नोंदींस कायद्याचें संरक्षण आहे. यांतून आपण घ्यावयाचा धडा असा: दुसऱ्याचें खातें उघडून पाहूं नये, आणि आपलें कार्ड मित्रासही देऊं नये. "एक दिवसासाठीं दे" म्हणणारा मित्र वाईट असतो असें नाहीं. परंतु त्यानें हरविलेलें पुस्तक तुमच्या नांवावर राहतें, आणि मग पुस्तकाबरोबर मैत्रीही जाण्याचा संभव असतो. त्यापेक्षां त्याला बरोबर घेऊन जा आणि त्याचें स्वतःचें कार्ड काढवून द्या.

पालकांस विनंति

लहान मुलाच्या अर्जावर पालकांची सही लागते. ही सही करतांना कित्येक पालक कचरतात. पुस्तक फाटेल, हरवेल, भुर्दंड बसेल, अशी त्यांस भीति वाटते. मग कार्ड कपाटांत कुलूपबंद होतें आणि मुलगा फक्त परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालय पाहतो. पालकहो, पुस्तक हरविल्यास त्याची किंमत भरावी लागेल, हें खरें. परंतु ठराविक दिवशीं परत करण्याचें वचन स्वतःच्या नांवावर देणें आणि तें पाळणें, हा व्यवहार मुलाच्या आयुष्यांत बहुधा येथेंच प्रथम येतो. तो त्याला करूं द्या. परतीची तारीख तुम्हीं लक्षांत ठेवूं नका, त्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहूं द्या. तो एकदां चुकेल. दुसऱ्यांदा चुकणार नाहीं. आणि मुलीचें कार्ड मुलाच्या कार्डाआधीं काढा, असें मी अनुभवानें सांगतों. कारण मुलगा हट्टानें स्वतःचें काढून घेतोच.

ज्या गांवीं वाचनालय दूर आहे तेथील विद्यार्थ्यांस आणखी एक दार उघडें आहे. खरगपूरच्या आय. आय. टी. संस्थेनें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजीं देशास अर्पण करण्यांत आलें. तेथें विद्यार्थ्यास नांव नोंदवून विनामूल्य खातें उघडतां येतें, आणि शालेय पुस्तकांपासून संशोधनापर्यंत अनेक भाषांतील साहित्य शोधतां येतें. खात्याविषयीं वर जें सांगितलें तें सर्व येथेंही लागू आहे: गुप्त क्रमांक जपा, सामाईक संगणकावर खातें बंद करा, शोधतांना विषय नेमका लिहा.

उपसंहार

हल्लीं ग्रंथपालांच्या खणांत चिठ्ठ्या नसतात. पुस्तकाच्या नांवासमोर पडद्यावर केवळ एक आंकडा दिसतो: मागण्या ३, मागण्या ७. त्या आंकड्यांत शिसपेन्सिलीच्या तारखा दिसत नाहींत, आणि रिकाम्या हातानें परत गेलेल्या मुलीचें नांवही दिसत नाहीं. तीं आपणच मनानें पाहावयाचीं असतात.

या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक काम करावें. घरांत फडताळावर, गादीखालीं, जुन्या दप्तरांत ग्रंथालयाचें एखादें पुस्तक राहून गेलें आहे काय, हें शोधावें. सांपडलें तर त्याच दिवशीं तें परत करून यावें. दंड असेल तर भरावा, नसेल तर आभार मानावे. कोण कोठें त्याची वाट पाहत आहे, हें तुम्हांला कळणार नाहीं. मलाही कळलें नव्हतें.